मल्टिपल स्क्लेरोसिसचे पुनर्वसन आणि शस्त्रक्रियेविना मज्जातंतू-उद्दीपन : एक चिकित्सा
(सोलापूर शहराच्या संदर्भात)

प्रास्ताविक

औषधोपचार आणि पुनर्वसन या दोन भिन्न बाबी आहेत. औषध आजाराची गती रोखण्याचा प्रयत्न करते. आजाराने जे हिरावून नेले त्यातील काय परत मिळवता येईल आणि जे परत मिळणार नाही त्याच्याविना कसे जगता येईल, हा पुनर्वसनाचा प्रश्न असतो. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजेच एमएस, या मज्जासंस्थेच्या आजारात हा दुसरा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो. हा आजार बहुधा वीस ते चाळीस या वयात सुरू होतो आणि पुढची अनेक दशके रुग्णाला त्याच्यासह काढावी लागतात. शिक्षण, नोकरी, विवाह, अपत्यसंगोपन हे सारे याच दशकांत येते.

अशा रुग्णांसाठी शस्त्रक्रिया न करता, त्वचेवरून किंवा जिभेवरून मज्जातंतूंना सौम्य विद्युत्स्पंद देण्याच्या काही पद्धती पुढे आल्या आहेत. त्यांच्याविषयी मोठ्या आशेने बोलले जाते. ही आशा पूर्णतः निराधार नाही. परंतु तिचा नेमका आधार कोणता, हे तपासल्याशिवाय तिच्यासाठी कुटुंबाची पुंजी खर्ची घालणे योग्य ठरणार नाही. या पद्धतींचे स्वरूप, त्यामागील संशोधनाचे सामर्थ्य व मर्यादा आणि सोलापूरसारख्या शहरात त्यांचा अन्वयार्थ, या तीन अंगांनी प्रस्तुत लेखात विचार केला आहे.

आजाराचे स्वरूप

मेंदू व मज्जारज्जू यांतील मज्जातंतूंभोवती मायलिन नावाचे आवरण असते. विजेच्या तारेवरील वेष्टणाप्रमाणे ते संदेशवहन जलद व अचूक ठेवते. एमएसमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणाच या आवरणावर हल्ला करते. आवरण झिजले की संदेश मंदावतो, अडखळतो किंवा पोहोचतच नाही. हल्ला मज्जासंस्थेच्या कोणत्या भागावर झाला यानुसार दृष्टी धूसर होणे, पाय ओढला जाणे, तोल जाणे, स्नायू ताठरणे, लघवीवरील ताबा सुटणे आणि विश्रांतीनेही न जाणारा थकवा अशी लक्षणे दिसतात. फ्रेंच वैद्य शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराचे पद्धतशीर वर्णन केले. २०२० च्या अंदाजानुसार जगात सुमारे २८ लाख लोक या आजारासह जगत होते. पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांमधील प्रमाण दुपटीहून अधिक आढळते.

हा थंड प्रदेशांतील गोऱ्या लोकांचा आजार आहे, अशी समजूत आपल्याकडे दीर्घकाळ होती. तिला छेद देण्याच्या कामात मुंबईचा वाटा मोठा आहे. डॉ. भीमसेन सिंघल व डॉ. नोशीर वाडिया यांनी १९७५ मध्ये मुंबई परिसरातील रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे १९९० मध्ये वाडिया व भाटिया यांच्या अभ्यासाने पारशी समाजात हा आजार लक्षणीय प्रमाणात असल्याचे दाखवले. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्थाही १९८५ मध्ये मुंबईतच स्थापन झाली. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत भारतात प्रमाण कमी असले, तरी प्रमाण कमी असणे म्हणजे आजार नसणे नव्हे. उलट, कमी आढळणाऱ्या आजाराच्या रुग्णाला निदानही उशिरा मिळते आणि पुनर्वसनाची सोयही.

उद्दीपनाच्या प्रमुख पद्धती

मज्जातंतू-उद्दीपन हे एका उपचाराचे नाव नसून ती अनेक उपचारांची गटसंज्ञा आहे. हा भेद लक्षात न घेतल्याने बराच गोंधळ होतो.

पहिली पद्धत पावलाच्या झुकण्यावरची आहे. चालताना पाऊल उचलले न जाता बोटे जमिनीला घासतात, तेव्हा गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूने जाणाऱ्या मज्जातंतूला नेमक्या क्षणी विद्युत्स्पंद दिला की पाऊल वर उचलले जाते. लिबरसन व सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये पक्षाघाताच्या रुग्णांसाठी ही कल्पना मांडली. इंग्लंडमध्ये सॅलिसबरी येथे विकसित झालेले ‘ओडस्टॉक’ हे उपकरण तिचाच विकास होय. एमएसमध्ये ती लागू पडण्याचे कारण स्पष्ट आहे. मेंदूकडून येणारा आदेश वाटेत अडलेला असतो. परंतु मज्जारज्जूपासून स्नायूपर्यंतचा तंतू शाबूत असतो. उपकरण त्या शाबूत भागाला थेट आदेश देते.

दुसरी पद्धत घोट्याजवळील मज्जातंतूच्या उद्दीपनाची आहे. या तंतूची मुळे मज्जारज्जूच्या ज्या भागातून निघतात, त्याच भागातून मूत्राशयाचेही नियंत्रण होते. म्हणून घोट्याजवळ पॅड लावून दिलेल्या स्पंदांमुळे लघवीची अनावर घाई कमी करण्याचा प्रयत्न केला जातो. तिसरी पद्धत वेदना व ताठरपणा यांसाठी त्वचेवरून दिल्या जाणाऱ्या स्पंदांची, म्हणजेच ‘टेन्स’ची. मेल्झॅक व वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या वेदनेच्या ‘द्वार-नियंत्रण’ सिद्धांतातून तिला बळ मिळाले.

चौथी आणि सर्वाधिक कुतूहलाची पद्धत जिभेवरील उद्दीपनाची आहे. तिचे मूळ पॉल बाख-इ-रिटा यांच्या कार्यात आहे. अंध व्यक्तीला पाठीच्या त्वचेवरील स्पर्शातून दृश्याची जाणीव करून देता येते, हे त्यांनी १९६९ मध्ये दाखवले. प्रौढ मेंदूही नव्याने घडू शकतो, या त्यांच्या आग्रही भूमिकेला त्या काळी फारसे अनुयायी नव्हते. पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठात त्यांच्या सहकाऱ्यांनी जिभेच्या पुढील भागावर ठेवायचे एक उपकरण तयार केले. ‘पॉन्स’ या नावाने ते ओळखले जाते. जिभेतील संवेदी तंतू थेट मेंदूच्या तळाशी असलेल्या स्तंभाशी जोडलेले असतात आणि तोल सांभाळणारी केंद्रे त्याच परिसरात असतात. तेथे वारंवार चेतना पोहोचवली आणि त्याच वेळी व्यायाम केला, तर मेंदूतील नव्या जोडण्यांना चालना मिळेल, असे यामागील गृहीतक आहे. मात्र गृहीतक सुसंगत असणे आणि सिद्ध असणे यांत अंतर आहे.

पुराव्याचे मूल्यमापन

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०२१ मध्ये या उपकरणाला एमएसमधील चालण्याच्या दोषासाठी परवानगी दिली. परवानगीची भाषा काळजीपूर्वक वाचण्यासारखी आहे. सौम्य ते मध्यम लक्षणे असलेल्या, २२ वर्षे व त्यावरील रुग्णांसाठी, अल्पकालीन उपचार म्हणून, डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच आणि देखरेखीखालील व्यायामाला जोड म्हणून, अशा चार अटी तीत आहेत. यांतील ‘जोड’ हा शब्द सर्वांत महत्त्वाचा आणि जाहिरातीत सर्वांत लवकर गळणारा आहे.

या परवानगीचा आधार असलेल्या अभ्यासांपैकी पहिल्यात, म्हणजे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विस्कॉन्सिनच्या अभ्यासात, २० रुग्ण होते. निम्म्यांना प्रत्यक्ष उद्दीपन देणारे, तर निम्म्यांना तसे न देणारे उपकरण दिले गेले. व्यायाम दोन्ही गटांनी केला. चालण्याची गुणवत्ता ‘डायनॅमिक गेट इंडेक्स’ या २४ गुणांच्या मोजपट्टीने मोजली. १४ आठवड्यांनंतर उद्दीपन मिळालेल्या गटाची सरासरी वाढ ७.९५ गुण होती, तर तुलना-गटाची ३.४५. या मोजपट्टीवर ४ गुणांची वाढ रुग्णाच्या दृष्टीने अर्थपूर्ण मानली गेली होती.

हे आकडे दोन प्रकारे वाचता येतात. उद्दीपनामुळे सुमारे साडेचार गुणांची अधिक भर पडली, हे पहिले वाचन. ते खरे आहे आणि दुर्लक्षणीय नाही. दुसरे वाचन असे की, ज्यांना उद्दीपन मिळालेच नाही तेही केवळ नियमित, शिस्तबद्ध आणि देखरेखीखालील व्यायामाने अर्थपूर्ण सुधारणेच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचले. उपकरणाच्या चर्चेत हे दुसरे वाचन हरवते. दुसऱ्या अभ्यासात १४ रुग्ण होते. त्यात तोल राखण्याच्या चाचणीत उद्दीपन-गटाची सुधारणा दिसली. परंतु चालण्याच्या त्याच मोजपट्टीवर दोन गटांतील फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झाला नाही.

दोन्ही अभ्यास मिळून ३४ माणसे होतात. एवढ्या लहान समूहात दोन-चार जणांच्या चांगल्या किंवा वाईट प्रतिसादाने सरासरी हलू शकते. शिवाय जिभेवरील स्पंद झिणझिण्यांच्या रूपाने जाणवतात. त्यामुळे रुग्णाला आपण कोणत्या गटात आहोत याची चाहूल लागू न देणे अवघड असते, आणि अपेक्षेचाही परिणाम चालण्यावर होतो. याच प्रशासनाने २०१९ मध्ये मेंदूच्या इजेनंतरच्या तोलदोषासाठी या उपकरणाला परवानगी नाकारली होती. सुधारणेतील उपकरणाचा वाटा व्यायामाच्या वाट्यापासून वेगळा करून दाखवता आलेला नाही, हा त्या वेळचा आक्षेप होता. एमएसच्या बाबतीत परवानगी मिळाली, म्हणून तो आक्षेप विचारातून बाद होत नाही.

पावलाच्या उद्दीपनाबाबतही असाच बोध मिळतो. बॅरेट व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या १८ आठवड्यांच्या चाचणीत, आजार उत्तरोत्तर वाढत जाणाऱ्या अवस्थेतील रुग्णांच्या एका गटाला उद्दीपक आणि दुसऱ्याला घरी करायचा व्यायाम दिला गेला. उपकरण सुरू असताना पहिल्या गटाचे चालणे सुधारत असे. ते काढल्यावर मूळ चालण्यात टिकाऊ भर पडल्याचे दिसले नाही. व्यायाम-गटाच्या चालण्यात मात्र उपकरणाविना सुधारणा झाली. म्हणजे येथे उद्दीपक चष्म्यासारखा आहे. चष्म्याने डोळा बरा होत नाही, पण म्हणून चष्मा निरुपयोगी ठरत नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेनेही २००९ मध्ये, मेंदू व मज्जारज्जूच्या विकारांतील पावलाच्या झुकण्यासाठी या पद्धतीचा पुरावा नेहमीच्या वापरास पुरेसा असल्याचे मान्य केले. साहाय्य आणि उपचार यांतील हा भेद रुग्णाला प्रारंभीच सांगितला गेला पाहिजे, एवढाच आग्रह येथे आहे.

व्यायामाचा स्वतःचा इतिहासही या संदर्भात बोलका आहे. श्रमाने व उष्णतेने लक्षणे वाढतात म्हणून एमएसच्या रुग्णाने विश्रांतीच घ्यावी, असा सल्ला अनेक वर्षे दिला जात होता. पेटाजन व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये १५ आठवड्यांच्या व्यायामाचे लाभ दाखवले आणि २००४ च्या कॉक्रेन आढाव्यानेही व्यायामाच्या बाजूने कौल दिला. ज्या साधनाला कंपनी नाही, पेटंट नाही आणि म्हणून जाहिरातही नाही, त्याचा पुरावा अधिक भक्कम असूनही त्याच्याविषयी कमी बोलले जाते.

सोलापूरचा संदर्भ

वर उल्लेखिलेल्या मोजपट्टीत आठ कृती असतात : सपाट जागी चालणे, गती बदलत चालणे, मान डावी-उजवीकडे वळवत चालणे, मान वर-खाली करत चालणे, चालता चालता वळून थांबणे, अडथळा ओलांडणे, अडथळ्याला वळसा घालणे आणि पायऱ्या चढणे-उतरणे. चाचणी-कक्षात या कृती एकेक करून, मोकळ्या जागेत करवून घेतल्या जातात. सोलापुरातील नवी पेठेसारख्या गजबजलेल्या बाजारपेठेत त्या एकाच वेळी कराव्या लागतात. दुकानाची पायरी, रस्त्याकडेला लावलेल्या दुचाकी, मागून वाजणारा हॉर्न, समोरून येणारी रिक्षा आणि ओळखीच्या माणसाने मारलेली हाक, या सर्वांना निरोगी माणूस नकळत उत्तर देत असतो. एमएसच्या रुग्णाला प्रत्येक उत्तर विचारपूर्वक द्यावे लागते. कक्षात मिळालेले साडेचार गुण अशा पेठेत किती उरतात, हा प्रश्न मोजपट्टी विचारत नाही. परंतु रुग्णाच्या दृष्टीने तोच खरा प्रश्न असतो.

दुसरी बाब उष्म्याची. मायलिन झिजलेल्या तंतूत शरीराचे तापमान थोडे वाढले तरी संदेशवहन आणखी ढासळते. उथॉफ या जर्मन नेत्रवैद्यांनी १८९० मध्ये याची नोंद केली आणि हा परिणाम त्यांच्या नावाने ओळखला जातो. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. सकाळी व्यवस्थित चालणारी व्यक्ती दुपारी पाय ओढू लागली, तर तो बहाणाही नसतो आणि बहुधा नवा झटकाही नसतो. ती उष्म्याची तात्पुरती प्रतिक्रिया असू शकते. हे कुटुंबीयांना माहीत नसल्यास घबराट होते, आणि कामाच्या ठिकाणी माहीत नसल्यास आळसाचा आरोप होतो. विस्कॉन्सिन किंवा इंग्लंडच्या हवामानात आखलेला चौदा किंवा अठरा आठवड्यांचा कार्यक्रम येथे जसाच्या तसा उचलता येणार नाही. पहाटेची वेळ, पंख्याखालची जागा, गार पाण्याने भिजवलेला पंचा आणि व्यायामाचे छोटे छोटे टप्पे ही त्याची सोलापुरी रूपे असतील.

तिसरी बाब उपजीविकेची. यंत्रमाग आणि विडी या सोलापूरच्या ओळखीच्या व्यवसायांपैकी विडी वळण्याचे काम प्रामुख्याने स्त्रिया करतात. एमएसचे प्रमाणही स्त्रियांमध्ये अधिक आहे. बसून विडी वळणाऱ्या स्त्रीची मजुरी पायांपेक्षा बोटांच्या कौशल्यावर आणि दिवसभर टिकणाऱ्या शक्तीवर अवलंबून असते. चालण्याच्या गुणांत वाढ झाली तरी बोटांचा बधिरपणा आणि थकवा तसाच राहिला, तर तिच्या घराच्या दृष्टीने पुनर्वसन झाले असे म्हणता येणार नाही. कोणती गोष्ट मोजायची हे संशोधक ठरवतो; कोणती गोष्ट हवी हे रुग्णाने ठरवायचे असते.

चौथी बाब ‘करंट’विषयीच्या समजुतीची. फिजिओथेरपी म्हणजे शेक आणि करंट, असे समीकरण आपल्याकडे रूढ आहे. रुग्ण पलंगावर पडून राहतो, पॅड लावले जातात, यंत्र सुरू होते आणि वेळ संपली की तो घरी जातो. अशा वातावरणात उद्दीपनाचे कोणतेही नवे यंत्र आले की ते अधिक भारी करंट म्हणूनच स्वीकारले जाण्याचा धोका आहे. परंतु जिभेवरील उद्दीपनाचा दावाही असा नाही. तेथे २० मिनिटांचे उद्दीपन व्यायाम करतानाच द्यायचे असते. नुसते यंत्र तोंडात धरून बसल्याने सुधारणा होते, असे त्याचे संशोधकही म्हणत नाहीत.

हक्काचा प्रश्न

१९९५ च्या अपंगत्वविषयक कायद्यात सात प्रकारच्या अपंगत्वांचा समावेश होता. त्यांत एमएस नव्हता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ही संख्या २१ वर नेली आणि दीर्घकालीन मज्जासंस्था-विकारांमध्ये मल्टिपल स्क्लेरोसिसचा नावानिशी उल्लेख केला. याच अधिनियमाच्या कलम २७ नुसार पुनर्वसनाच्या सेवा पुरवण्याची जबाबदारी शासन व स्थानिक प्राधिकरणांवर आहे. मात्र ती ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ या शब्दांनी बांधलेली आहे. क्षमता मर्यादित असेल, तर तिच्यातून प्रथम काय द्यायचे हा प्रश्न टळत नाही. प्रस्तुत चिकित्सेचे महत्त्व येथेच आहे.

उपलब्ध पुराव्यावरून हा अग्रक्रम लावता येतो. हजारो डॉलर किंमतीचे एक उपकरण काही रुग्णांना काही काळ देण्यापेक्षा, मज्जाविकारांच्या व्यायामात प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टचा वेळ अनेकांना सातत्याने देणे अधिक फलदायी ठरेल. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून या शहरात आहे. त्याच्याशी संलग्न रुग्णालयाच्या आधारे आठवड्यातून ठरावीक सकाळी अशा रुग्णांचा व्यायामगट चालवणे ही काही अशक्य कोटीतील गोष्ट नव्हे. जानेवारी २०१६ मध्ये देशातील पहिल्या वीस ‘स्मार्ट’ शहरांत सोलापूरची निवड झाली होती. पदपथ मोकळा असणे, पायरीशेजारी कठडा असणे आणि बाजारात स्वच्छतागृह असणे यांनाही त्या विशेषणाच्या अर्थात स्थान असले पाहिजे. लघवीवरील ताबा अनिश्चित असलेल्या स्त्रीला स्वच्छतागृहाच्या अभावी घरातच बसावे लागत असेल, तर घोट्याजवळील उद्दीपनाने मिळवलेला लाभ पेठेच्या तोंडाशीच संपतो.

प्रतिवाद आणि मर्यादा

या भूमिकेवर रास्त आक्षेप घेता येईल. व्यायामाचा आग्रह धरून रुग्णाला नव्या तंत्रापासून वंचित ठेवणे हाही अन्याय आहे, आणि सधन देशांतील रुग्णाला यंत्र व गरीब देशांतील रुग्णाला कवायत अशी विभागणी नैतिकदृष्ट्या समर्थनीय नाही. हा आक्षेप मान्य केला पाहिजे. झुकणाऱ्या पावलामुळे वारंवार पडणाऱ्या व्यक्तीला उद्दीपकाने त्याच दिवशी सुरक्षित चालता येत असेल, तर तिला आधी व्यायाम करा असे सांगणे निर्दयपणाचे ठरेल. ज्यांची दुर्बलता व्यायाम करण्यापलीकडे गेली आहे, त्यांच्यासाठीही निराळा विचार हवा. म्हणून येथील मागणी उद्दीपन नाकारण्याची नसून, प्रत्येक पद्धतीकडून नेमके काय मिळते ते स्वतंत्रपणे सांगण्याची आहे. तसेच व्यायामाचा लाभही तो चालू असेपर्यंतचाच असतो आणि तो आजाराची मूळ प्रक्रिया थांबवतो असा दावा करता येत नाही, हेही नमूद केले पाहिजे. औषधोपचाराला यांपैकी कशाचाही पर्याय नाही.

समारोप

शस्त्रक्रियेविना मज्जातंतू-उद्दीपन ही एमएसच्या पुनर्वसनातील उपयुक्त, परंतु दुय्यम साधने आहेत. पावलाचा उद्दीपक साहाय्य करतो, घोट्याजवळील उद्दीपन एका विशिष्ट त्रासावर उतारा देऊ पाहते आणि जिभेवरील उद्दीपन व्यायामाच्या परिणामात भर घालण्याची शक्यता दाखवते. या सर्वांच्या मुळाशी सातत्याने, सोबतीने आणि जाणकार देखरेखीखाली केलेला व्यायाम आहे. ज्या अभ्यासांच्या बळावर यंत्राची कीर्ती झाली, त्यांतील तुलना-गटच याची साक्ष देतो.

हा निष्कर्ष सोलापुरातील एखाद्या कुटुंबाच्या दृष्टीने केवळ शास्त्रीय नाही. निदानानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत दागिना मोडून किंवा कर्ज काढून यंत्र आणावे की नाही, हा निर्णय त्यांना घ्यावा लागू शकतो. त्या वेळी यंत्राची माहिती देणारे पुष्कळ भेटतील. तुलना-गटातील माणसेही बरीच सावरली होती, हे सांगणारे कोणी भेटले, तर ती पुंजी वाचेल आणि उद्याच्या सकाळचा व्यायामही चुकणार नाही.